तुळसाक्काची शेवटची मूठ

उभ्या आयुष्यात मी मनापासून हेवा केला तो एकाच बाईचा, आणि ती बाई आमच्या शाळेत भात शिजवायची.

हेवा करण्याजोगी माणसं इतरही होतीच. थोरल्या जावेचं गच्चीवालं घर होतं, गणिताच्या टीचरची लांबसडक वेणी होती. पण त्या पोटदुखीवर दोन दिवसांत उतार पडायचा. तुळसाक्काची गोष्ट वेगळी होती. सकाळी फाटकातून आत शिरताना स्वयंपाकघराकडून मुलींचं खिदळणं ऐकू आलं की माझा जळफळाट सुरू व्हायचा, तो संध्याकाळी घरी जाऊन कॉफीचा पेला हातात घेईपर्यंत.

कुंभकोणमची आमची मुलींची शाळा सहावी ते दहावीपर्यंतची. मी तिथे विज्ञान शिकवायचे. रसायनशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग. वर्गात शिरले की टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि मला त्या शांततेचा अभिमान होता. मुली मला भितात म्हणजे मानतात, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

तुळसाक्का वयाने माझ्याएवढीच, पण अख्खी शाळा तिला अक्का म्हणायची. एच.एम., म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकासुद्धा. ठेंगणी, रुंद, दोन्ही नाकपुड्यांत मुगाएवढे खडे, गळ्यात तुळशीची माळ. बांगड्या कोपरापर्यंत मागे सारून त्यांना रबरबँड लावायची आणि मग कामाला बसायची. तिच्या घरातली माणसं पूर्वी शिवणकाम करायची आणि दर एकादशीला आमच्याकडच्या विठ्ठलाच्या देवळात भजनाला बसायची. आमचं घराणं तंजावरच्या राजांबरोबर आलेल्या कारकुनांचं. त्यामुळे माझी आजी म्हणायची की त्यांची मराठी निराळी, आपली निराळी. मला तर दोन्हींत कधी फरक ऐकू आला नाही. (मी इथे लिहिते आहे ती मराठी पुण्याच्या वहिनीने पत्रं लिहून लिहून सुधारलेली. घरातली ऐकलीत तर हसाल.)

सगळ्या शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्यामुळे आमची गट्टी असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. "तुमच्या भाषेची बाई आज सांबार फर्मास करून गेली," असं मला स्टाफरूममध्ये ऐकवलं जायचं. ती मला "तुमी" म्हणायची, मी तिला "तू" म्हणायचे, आणि चार माणसांत आम्ही दोघी तमिळच बोलायचो. घराबाहेर आपली भाषा काढायची नाही, हे दोघींच्या घरचं वळण. (तिची तमिळ वाक्यंही मी इथे तिच्या मराठीतच लिहिते आहे.)

तिच्या स्वयंपाकघरात वाळूचे चार वेगवेगळे साठे होते. दाराशी जाड्या वाळूचा ढीग असायचा, त्यात चिंचेचा चोथा मिसळून ती माणसाच्या वजनाची अ‍ॅल्युमिनियमची पातेली घासायची. एका डब्यात मैद्यासारखी बारीक वाळू, शेंगदाणे आणि हरभरे भाजायला. पाण्याच्या माठाखाली ओली वाळू, आणि त्या गारव्यात तिने धणे टाकलेले, म्हणजे सांबारावर घालायला कोथिंबीर हाताशी. चौथी वाळू दुसऱ्या डब्यात, तिच्याखाली आलं पुरून ठेवलेलं, महिनाभर ताजं राहणारं. माझ्या प्रयोगशाळेत वाळूची एकच बादली होती, आग विझवायची, लाल रंगाची.

त्या बादलीवरून आमचं पहिलं वाजलं. एकदा सुट्टीनंतर शाळा उघडली तर बादली जाग्यावर नाही. शोधत गेले तर स्वयंपाकघरामागच्या नळाखाली तुळसाक्का वाळू धूत बसलेली. पाणी घालायची, हाताने ढवळायची, गढूळ पाणी ओतून द्यायची, पुन्हा पाणी.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"घाण होती, टीचर. पेन्सिलीचा भुसा काय, चॉकलेटाचे कागद काय. अस्कें त्यांतच." अस्कें म्हणजे सगळं.

"अगं, आग विझवायची वाळू आहे ती. धुतलेली कशाला हवी?"

"आग जाली म्हणून काय जालें? तिज घाण कसाला घालायची?"

बादली परत आली तेव्हा वाळू साखरेसारखी पांढरी होती, आणि त्या आठवड्यात आठवीच्या मुली प्रयोग सोडून बादलीत बोटं फिरवत बसल्या होत्या. मी त्यांच्यावर ओरडले. राग खरा तुळसाक्काचा होता.

शेंगदाण्यांच्या दिवशी तर विचारूच नका. शुक्रवारी ती मोठ्या कढईत वाळू तापवायची, त्यात शेंगदाणे टाकून झाऱ्याने परतायची, आणि चाळणीत उपसून वाळू खाली झाडायची. दाणा न करपता आतपर्यंत सारखा भाजला जायचा. मुली ओंजळी पुढे करून उभ्या असायच्या. एकदा मी तिथे जाऊन समजावून सांगू लागले की वाळू चारी बाजूंनी दाण्याला भिडते, उष्णता सगळीकडून सारखी पोचते, म्हणून असं होतं. अर्ध्या मुली ऐकत नव्हत्या. उरलेल्या अर्ध्यांचं लक्ष कढईकडे होतं. तुळसाक्का तेवढी मान डोलावत ऐकत होती, आणि शेवटी मुलींना म्हणाली, "टीचर बोलतांत ते ऐका गे. मज वीस वर्षं हें ठाऊक नव्हतें." आणि मग माझ्या हातावर पहिली ओंजळ ठेवली. दाणे इतके खमंग होते की मला ते थुंकावेसे वाटले.

पण तिचं खरं काम रोळण्याचं. हा शब्द तुमच्यापैकी काहींच्या घरी असेल, काहींच्या घरी आता नसेल. तांदळात खडे आणि वाळू असते ती काढायची ही रीत. पसरट भांड्यात तांदूळ घ्यायचे, वर पाणी, आणि भांडं मनगटातून गोल हलवत, वाकवत, पाण्याबरोबर तांदूळ दुसऱ्या भांड्यात सोडत जायचे. तांदूळ हलके, ते पाण्यावर निघून जातात. वाळू जड, ती तळाशी बसते. तुळसाक्काचं भांडं मातीचं होतं, आतून कंगोरे असलेलं, म्हणजे खडे त्यांत अडकतात. ते फुटलं तर पुन्हा तसंच मिळवायला ती तीन तीन बाजार पालथे घालायची.

आणि शेवटी, भांड्यात एक मूठ तांदूळ राहिले की ती थांबायची. त्या मुठीत चांगले तांदूळ दिसायचे, पण ती ते कधीच घ्यायची नाही.

"हे का टाकतेस?" मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं.

"ती मूठ तिची, टीचर."

"कोणाची?"

"वाळूची. आपण अस्कें घ्यायला गेलें की ती पण येते." मग ती ती मूठ मागच्या अंगणात टाकायची आणि चिमण्यांची झुंबड उडायची. तीनशे मुली रोज जेवायच्या. त्यांच्यातल्या एकीच्याही दाताखाली कधी खडा आला नाही. तुळसाक्काची सगळी मिरास म्हणाल तर एवढीच होती, आणि ती तिला पुरायची.

तर एका वर्षी सहावीच्या चाचणीत मी प्रश्न घातला: तांदळात वाळू मिसळली आहे, ती कशी वेगळी कराल? पुस्तकातलं उत्तर होतं हाताने वेचणे किंवा चाळणे. पेपर तपासायला घेतले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस मुलींनी एकच उत्तर लिहिलं होतं. तमिळ अक्षरांत, पण शब्द तमिळ नव्हता. "रोळिक्कणुम्." म्हणजे रोळायला पाहिजे. आमचं क्रियापद, त्याला तमिळ शेपूट. त्यांच्या आयांच्या घरी आता पाकिटातला स्वच्छ तांदूळ येतो, त्यामुळे या कामाचा तमिळ शब्दसुद्धा त्यांच्या कानावर पडलेला नव्हता. शब्द त्यांनी घेतला तो तुळसाक्काकडून, आणि एका मुलीने तर पुढे लिहिलं होतं: "शेवटची मूठ टाकून द्यावी."

तो माझ्या आजीचा शब्द होता. माझ्या आईचा. मी तो लहानपणापासून ऐकत आले होते आणि माझ्या वर्गात एकदाही उच्चारला नव्हता. आता एकतीस तमिळ मुलींनी तो मला लिहून पाठवला होता. मी लाल पेन घेतलं आणि एकतीस ठिकाणी फुली मारली. पुस्तकात नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुळसाक्का प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. आत कधी यायची नाही.

"टीचर, मुली बोलतांत, रोळणें चुकलें. खरें की?"

तिने हे रागाने विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं आपण काही चुकीचं करत आलो की काय, अशी काळजी तिच्या चेहऱ्यावर होती.

"पुस्तकात नाही ते," मी म्हणाले.

"सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं. "मग पुस्तकात काय आहे?"

"चाळणे."

"चाळून वाळू जाते, टीचर. खडा कसा जाईल? तो तांदळाएवढाच की."

मी घड्याळाकडे पाहिलं आणि तास आहे म्हणून सांगितलं. तास नव्हता.

त्याच वर्षी सरस्वतीपूजेच्या आदल्या दिवशी साखरेचं पोतं व्हरांड्यातून घरंगळलं आणि फुटलं. बाहेर बांधकामाला आणलेली वाळू पडली होती, बरोबर तिच्यावर. आता मात्र माझी पाळी होती. मी मुली गोळा केल्या, चंचुपात्र, फनेल, गाळणकागद सगळं मांडलं आणि सांगितलं की साखर विरघळते, वाळू विरघळत नाही. गाळणकागदातून थेंब थेंब पडू लागला. तासाभरात एक पेला भरला. पोतं पंचवीस किलोचं होतं. तुळसाक्का मागे उभी राहून बघत होती. ती गेली, मोठ्या पातेल्यात कोमट पाणी केलं, साखर-वाळू त्यात लोटली, ढवळली, झाकण ठेवून निवळू दिली. मग वरचं पाणी अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतलं, जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून. त्याचा पाक आटवला आणि दुसऱ्या दिवशी त्या पाकाचा गोड पोंगल झाला. एच.एम. जेवून उठल्या आणि म्हणाल्या, "अक्का, हे सुचलं कसं?"

"मज कसें सुचेल? टीचरांनीच सांगितलें, साखर पाण्यांत जाते, वाळू जात नाही म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. ती मला देत होती ते श्रेय अगदी खरं होतं, तेच तर वाईट. एखादीने आपलं काही हिसकावून घेतलं तर भांडता येतं. हिने उलट आणून दिलं. मी त्या पोंगलला हात लावला नाही. पोट बिघडलंय म्हणाले.

आणि मग जेवण तपासायला अधिकारी येणार अशी बातमी आली.

माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील स्वामीमलैला मूर्ती ओतायचे. साच्यासाठी माती आणि वाळू चाळायला त्यांच्याकडे अशा सुरेख चाळण्या होत्या की बघत राहावं. मी त्यातली एक मागून आणली, पितळी जाळीची. एच.एम.ना म्हणाले, आपण अधिकाऱ्यांना दाखवू की आमच्या शाळेत तांदूळ शास्त्रीय पद्धतीने स्वच्छ केला जातो, मुलीच करतात, पुस्तकात आहे तसं. एच.एम.ना कल्पना फारच आवडली.

त्या सकाळी सहावीच्या बारा मुली ओळीने बसून तांदूळ चाळत होत्या. बारीक वाळू खाली झरझर पडत होती. फोटो निघाले. तुळसाक्का बाजूला बसून चाळलेले तांदूळ बोटांनी उलटेपालटे करत होती.

"टीचर, एकदां रोळू की?"

"नको."

"पाणी आहे, वेळ पण आहे. लोकर होईल." (लवकर होईल, म्हणजे.)

"आज नको, तुळसाक्का. एक दिवस तरी तुझं ते राहू दे."

हे मी सगळ्या मुलींसमोर म्हणाले, तेही तमिळमध्ये. चाळणी आकारावर चालते आणि रोळणं वजनावर, हे मला माहीत होतं. मी दर वर्षी शिकवत होते. दारात उभी राहून तिने मला विचारलंही होतं. एम.एस्सी. झालेल्या बाईला त्या दिवशी ते आठवलं नाही असं नाही. आठवू दिलं नाही.

अधिकारी पहिल्या पंगतीला मुलींबरोबर बसले. दुसऱ्या घासाला 'कट्' असा आवाज झाला आणि तो मला चार हातांवरून ऐकू आला. त्यांनी तोंडातून खडा काढला, पानाच्या कडेला ठेवला. मग तिसऱ्या ओळीतून एक मुलगी तोंड वाकडं करून उठली. मग आणखी एक.

एच.एम.नी तुळसाक्काला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली. अधिकारी म्हणाले, "रोज असाच भात देता मुलींना?" मी तिथेच उभी होते, तिच्यापासून दोन पावलांवर. सांगायला पाहिजे होतं ते एका वाक्याचं होतं. चाळणी माझी होती, तिने विचारलं, मी नको म्हटलं. तुळसाक्काने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही सांगणार. आणि खरं सांगते, मला वाटलं, सांगूनच टाक.

"एन् तप्पु," ती म्हणाली. माझी चूक.

तमिळमध्ये म्हणाली. त्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. अधिकाऱ्यांसमोर तमिळ बोलायचं, हे साधंच आहे. पण मला वाटत राहिलं की आमच्या भाषेत तिला ते खोटं बोलता आलं नसतं.

पुढच्या महिन्यात तिची बदली झाली. आडुतुरैच्याही पलीकडे एका बालवाडीत, वीस-बावीस पोरांचा भात शिजवायला. रोज जाऊन-येऊन दोन तास बस, आणि तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. जाताना तिने कंगोऱ्यांचं भांडं तेवढं नेलं. मुली फाटकापर्यंत रडत गेल्या. मी तास घेत होते, अर्ध्या रिकाम्या वर्गाचा.

झालं, म्हणजे मी जिंकले म्हणायला हरकत नव्हती. स्वयंपाकघराकडून हसू येईनासं झालं. पण मुली काही माझ्याकडे वळल्या नाहीत. त्या मला विचारायच्या, "टीचर, तुळसाक्का परत कधी येणार?" माझ्या भाषेची म्हणून मला ठाऊक असणार. हेवा तसूभर कमी झाला नाही. समोर नसलेल्या माणसाचा हेवा करणं तर अधिकच जड जातं, कारण त्याच्यात खोट सापडण्याची आशा संपलेली असते.

पुढच्या वर्षी मी सहावीच्या वर्गात दोन भांडी आणि तांदूळ घेऊन गेले आणि रोळून दाखवलं. फळ्यावर शब्द लिहिला. घनता समजावली. मुली पहिल्यांदाच माझ्या टेबलाभोवती गोळा झाल्या. हे कोणाकडून आलं ते मी सांगितलं नाही. त्या वर्षी नाही आणि नंतरच्या वर्षांतही नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपसमारंभाला कयल्विळी नावाची माझी जुनी विद्यार्थिनी बोलायला उभी राहिली. तुळसाक्का गेल्यानंतरच्या तुकडीतली, आता आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात कामाला लागलेली. ती म्हणाली, "आमच्याकडे यंत्रं आहेत, पण त्यांच्यामागचं तत्त्व मी सहावीतच शिकले. टीचरनी आम्हाला त्यांच्या स्वतःच्या भाषेतला शब्द दिला. रोळणे." आणि सगळ्या सभागृहाला तिने तो शब्द तीनदा म्हणायला लावला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं मला हवं होतं ते हेच होतं. माझ्या शेजारी बसलेल्या, तुळसाक्काच्या वेळच्या जुन्या शिपाईबाईने टाळी वाजवली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी आभार मानले आणि खाली बसले. दुसऱ्यांदा गप्प बसले, म्हणा.

चार दिवसांनी मी मयिलाडुतुरैची बस पकडली आणि आडुतुरैला उतरून रिक्षा केली. वाटेत मी वाक्य तयार करत होते, खोडत होते.

एका खोलीची बालवाडी, बाहेर बदामाचं झाड. पायरीवर तुळसाक्का बसली होती. केस पांढरे झालेले, बांगड्या तशाच रबरबँडमध्ये. पुढ्यात दोन भांडी. झाडाखाली स्वच्छ वाळू पसरलेली, आणि पोरं तीत बोटांनी अक्षरं काढत होती. ती वाळू तिने धुतलेली होती हे मला लांबूनच कळलं.

"अय्यो, टीचर! या, बसा. लोकर आलांत. भात अजून व्हायचा आहे."

मी पायरीवर तिच्या शेजारी बसले. "तुळसाक्का, तुम्ही..." मी सुरुवात केली.

"तुमी कसाला? मी तीच आहें." ती हसली, आणि मातीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "हें रोळा. मनगट दुखतें आतां."

मी रोळायला घेतलं. वर्गात दर वर्षी दाखवत आले होते, हात बसलेला होता. तांदूळ पाण्याबरोबर सुळसुळत दुसऱ्या भांड्यात जात होते. खाली बघतच मी म्हणाले, "त्या दिवशी चाळणी माझी होती. तू विचारलं होतंस. मी बोलायला हवं होतं." मी भांडं आणखी वाकवलं, तळाशी राहिलेले शुभ्र तांदूळही वाहू लागले, आणि तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. पकड अजून घट्ट होती.

"बस. ती मूठ सोडा, टीचर."

"अगं, मी काय म्हणते..."

"ऐकलें. सोडा म्हटलें की."

तिने भांडं माझ्या हातातून काढून घेतलं, राहिलेली मूठ झाडाखाली उधळली. चिमण्या आल्या, पोरं त्यांच्यामागे धावली. तुळसाक्काने पुढे एक अक्षर त्या विषयावर काढलं नाही. गुडघ्यांबद्दल बोलली, एकादशीच्या भजनाला आता मोजकी माणसं उरली त्याबद्दल बोलली. मी तिला निरोपसमारंभाचंही सांगितलं, कयल्विळी काय म्हणाली तेही. तिला आनंद झाला. "अस्क्यांनी म्हटलें? तमिळ माणसांनी?" तिने दोनदा विचारलं. मी जेवले. भातात खडा नव्हता, हे काय सांगायला हवं?

मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसची वाट बघत उभी राहिले. थांब्यावर आठ-दहा माणसं होती. पलीकडून तिची हाक आली, तीही आमच्या भाषेत, भर रस्त्यावर.

"टीचर! रोळणें बरोबर की चूक?"

माणसं वळून माझ्याकडे बघू लागली. घराबाहेर मी आपली भाषा मोठ्याने कधी बोलले नव्हते.

"बरोबर!" मी ओरडले. "तुळसाक्का, बरोबर!"

तिने हात वर केला. मग एका पोरीला मांडीवर घेऊन तिची इवलीशी मनगटं धरली आणि रिकामं भांडं गोल गोल हलवून दाखवू लागली. बस आली, मी खिडकीशी बसले. ती पोरगी मान मागे टाकून हसत होती, आणि मला तुळसाक्काचा परत तसाच हेवा वाटला.